खोक्यावर नसलेला आकडा

बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या बाजारात कुठल्याही मोबाईलच्या दुकानात नेकबँडचं खोकं हातात घेतलं, तर त्यावर आकड्यांचा तोटा नसतो. 40 तास बॅटरी, 10 मिलिमीटरचा ड्रायव्हर, दहा मिनिटं चार्ज केलं की अमुक तास चालणार, पाण्याचे शिंतोडे सोसण्याचा एक क्रमांक, आणि कोपऱ्यात बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, नोंदणीचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक. उरलेलं काउंटरवरचा पोरगा सांगतो, "बेस लई भारी हाय, लावून तर बघा." दुबलगुंडीहून तालुक्याला आलेलं गिऱ्हाईक लावून बघतं. रस्त्यावर ट्रॅक्टर, ऑटो, हॉर्न सगळं चालू असतं. म्हणून ते आवाज पार शेवटच्या रेघेपर्यंत नेतं, मान डोलवतं आणि पैसे मोजतं. या सगळ्या व्यवहारात एकच आकडा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ही वस्तू कानाच्या आत किती डेसिबल ओतते?

कान वाचवणारं उपकरण म्हणजे कमी आवाजाचं उपकरण, अशी आपली एक ढोबळ समजूत आहे. ती अर्धवट आहे. कान वाचतो तो दोन गोष्टींनी. बाहेरचा गोंगाट किती अडवला जातो ही पहिली, आणि आत किती आवाज गेला याचा हिशेब लागतो की नाही ही दुसरी. या दोन कसोट्यांवर पाहिलं तर आपल्याकडे खपणारी बरीच उपकरणं नापास होतील. त्यात दोष फक्त घेणाऱ्याचा नाही. ज्याचं मापच सांगितलं जात नाही, ते पारखून घ्यायचं कसं?

मापाची सोय जगात झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी मिळून 2019 साली व्यक्तिगत ऐकण्याच्या उपकरणांसाठी एक मानक जाहीर केलं. एच.870 हे त्याचं नाव. त्याचा गाभा अगदी सोपा आहे. आठवड्याभरात कानाने किती आवाज घ्यावा, याचं एक रेशन ठरलेलं आहे. मोठ्या माणसासाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास. लहान मुलांसाठी 75 डेसिबलला 40 तास. आता या रेशनचा खरा नियम पाहा. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्यातली शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच, आणि 95 ला आठवड्याभरात मिळून फक्त सव्वा तास. खोक्यावरचे 40 तास आणि या मानकातले 40 तास हा निव्वळ योगायोग. पण पहिले गिऱ्हाइकाला पाठ असतात, आणि दुसऱ्यांचा त्याला पत्ता नसतो.

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर लावू. तालुक्यातून रोज कलबुर्गीला किंवा बीदरला कॉलेजसाठी, नोकरीसाठी जाणारी मुलं आहेत. जायला दीड तास, यायला दीड तास धरला तर सहा दिवसांचे 18 तास होतात. खिडक्या खडखडणाऱ्या बसच्या पोटात गोंगाट 80 डेसिबलच्या आसपास धरू. कानात सैल बसणारा, पोकळ इयरफोन असेल तर तो या गोंगाटातलं जवळजवळ काहीच अडवत नाही. गाण्याचे शब्द कळायचे तर गाणं गोंगाटाच्या वर काढावं लागतं. ते 89 डेसिबलवर गेलं तर आठवड्याची मुभा 5 तासांची, आणि ऐकणं 18 तासांचं. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. दुसऱ्या सीटवरच्या मुलाकडे रबरी टोपीचा, कानात घट्ट बसणारा इयरफोन आहे. नीट बसलेली टोपी 15 डेसिबलपर्यंत गोंगाट सहज अडवते. त्याच्या कानाशी बसचा आवाज 65 उरतो, आणि गाणं 75 वर ठेवलं तरी शब्द न् शब्द कळतो. त्याचं 18 तासांचं ऐकणं रेशनच्या अगदी थोड्या भागात बसतं. दोघांची बस एकच, गाणं एकच, आवडही एकच. फरक फक्त रबराच्या टोपीचा.

म्हणूनच 'आजकालच्या पोरांना मोठ्या आवाजाची चटक लागली आहे' हे घराघरातलं वाक्य मला पुरेसं वाटत नाही. चटक काहींना असेलही. पण बहुतेक माणसं आवाज वाढवतात ते समोरचं ऐकू येत नाही म्हणून. शांत खोलीत तोच मुलगा तोच फोन निम्म्या रेघेवर ठेवतो. वाढलेल्या रेघेचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या आजूबाजूच्या गोंगाटात शोधलं पाहिजे.

सरकारी सल्ले नेमके इथे चुकतात. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवलं. इयरफोनचा आवाज 50 डेसिबलच्या वर नको, वापर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, असा त्याचा आशय होता. हेतू चांगला. पण साधं समोरासमोरचं बोलणंच 60 डेसिबलच्या घरात असतं. 50 डेसिबल म्हणजे त्याहूनही हळू. चालत्या बसमध्ये तो आवाज कानाला लागणारसुद्धा नाही. शिवाय 50 डेसिबल झाले की नाही, हे कुठल्या मापाने पाहायचं? पाळता न येणारा सल्ला माणूस एकदा ऐकतो आणि कायमचा विसरतो. '60 टक्के आवाज, 60 मिनिटं' हा दुसरा लोकप्रिय नियमही असाच लंगडा आहे. टक्के फोनच्या पट्टीचे असतात, कानाचे नव्हे. एकाच फोनच्या त्याच 60 टक्क्यांवर एक इयरफोन गुणगुणतो आणि दुसरा किंचाळतो, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता निराळी. वायरवाल्या इयरफोनच्या खोक्यावर कधी कधी ही संवेदनशीलता डेसिबलमध्ये छापलेली असते. तो आकडा जितका मोठा, तितका तो इयरफोन त्याच रेघेवर जास्त ओरडतो. दुकानदार मोठा आकडा गुण म्हणून दाखवतो. कानाच्या बाजूने पाहिलं तर लहान आकडा बरा.

एवढी काटेकोर मोजदाद कशासाठी, असं कुणी विचारेल. उत्तर कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात जन्मतः 15-16 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरीचं मज्जातंतूला समजणाऱ्या संदेशात रूपांतर त्या करतात. अति आवाजाने त्या थकतात, काही काळ झोपतात, कानात दडे बसल्यासारखं किंवा शिट्टी वाजल्यासारखं वाटतं. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा सावरतात. तोच मार रोज बसला तर मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी परत उगवत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. श्रवणयंत्र उरलेल्या पेशींपर्यंत आवाज मोठा करून पोचवतं, गेलेल्या पेशी आणून देत नाही.

यात फसवी गोष्ट अशी की आवाजाने होणारं नुकसान सगळ्या सुरांत एकदम होत नाही. सुरुवात वरच्या पट्टीत, 3 ते 6 हजार हर्ट्झच्या आसपास होते. ढोल, ट्रॅक्टर, माणसाचा खर्ज हे सगळं छान ऐकू येत राहतं, म्हणून आपला कान शाबूत आहे असं माणूस समजतो. जायला लागतात ती स, श, च, फ, थ अशी बारीक, वाऱ्यासारखी व्यंजनं. मग तक्रार येते की आवाज येतो पण शब्द कळत नाही. शांत घरात चालून जातं. लग्नाच्या मांडवात, वर्गाच्या मागच्या बाकावर, फोनवर अडतं.

हे नुकसान आमच्या सीमाभागात जास्त महाग पडतं, असं माझं म्हणणं आहे. दुबलगुंडीसारख्या गावात कितीतरी घरांत मराठी बोललं जातं, शाळेत आणि कचेरीत कन्नड लागतं, बाजारात दखनी चालते, आणि पुढे पुणे-हैदराबादला मुलाखत इंग्रजीत द्यावी लागते. घरच्या भाषेत एखादा वर्ण ऐकायचा राहिला तरी मेंदू संदर्भावरून तो भरून काढतो, कारण पुढचं वाक्य काय येणार हे त्याला आधीच अर्धं ठाऊक असतं. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत ही भरती जमत नाही. गोंगाटात परकी भाषा ऐकताना धडधाकट कानाचा माणूसही अडखळतो. ज्याची वरची पट्टी झिजली, तो तर जास्तच. घरात आईशी बोलताना ज्याला काही कमी जाणवत नाही, त्याला कन्नडच्या तासाला किंवा इंग्रजी मुलाखतीत 'काय म्हणालात?' असं पुन्हा पुन्हा विचारावं लागेल. लोक त्याला कच्चा समजतील. तो कच्चा नसेल, त्याचे कान झिजलेले असतील.

आणि हा भाग ऐकणाऱ्यांचा आहे. हुमनाबादला लागूनच माणिकनगर आहे. माणिकप्रभूंची (1817–1865) मराठी, कन्नड, हिंदी-उर्दूतली पदं तिथे आजही गायली जातात, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात शास्त्रीय गाण्याच्या बैठकी रंगतात. तंबोऱ्याच्या जव्हारीतून उठणारे बारीक स्वर, आवाजातला दाणा, टाळांची किणकिण हे सगळं त्याच वरच्या पट्टीत राहतं. ती पट्टी गेली की गाण्याचा ठेका उरतो, गाणं उरत नाही.

तर मग घ्यायचं काय? पहिली कसोटी गोंगाट अडवण्याची. खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या टोप्या मिळतात. बहुतेक लोक लागलेली टोपी तशीच ठेवतात आणि बाकीच्या हरवून टाकतात. कानाची भोकं सगळ्यांची सारखी नसतात, एकाच माणसाचा डावा-उजवा कानही सारखा नसतो. म्हणून दुकानातली परीक्षा गाणं लावून करू नका. गाणं बंद ठेवून, इयरफोन नुसता कानात घालून रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. रस्ता जितका दूर गेल्यासारखा वाटेल तितकं ते उपकरण कामाचं. बेस कमी वाटला तर बहुधा टोपी सैल आहे. टोपी बदला, आवाज वाढवू नका.

गोंगाट विजेच्या करामतीने खोडणारी उपकरणं आता मध्यम किमतीतही मिळतात. बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर तयार करून ती तिला पुसून टाकतात. इंजिनाची घरघर, पंखा, बसची गुरगुर अशा खालच्या, एकसारख्या आवाजावर हे तंत्र चांगलं चालतं. हॉर्न, माणसांचं बोलणं, भांड्यांची आदळआपट यावर फारसं नाही. रोज बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला यावर जास्तीचे पैसे घालणं परवडतं. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला नीट बसलेली रबरी टोपी पुरते.

उलट, कान उघडा ठेवणारी उपकरणं, म्हणजे गालाच्या हाडावाटे आवाज पोचवणारी किंवा कानाच्या बाहेर लटकणारी, सुरक्षित म्हणून विकली जातात. त्यांचा फायदा एकच आहे. चालताना मागून येणारी गाडी कळते. आवाज हाडातून गेला काय नि हवेतून गेला काय, पोचतो त्याच केसपेशींपर्यंत. आणि ही उपकरणं गोंगाट अडवत नसल्याने गोंगाटात रेघ वाढतेच. शांत रस्त्यावर सकाळी फिरायला ती ठीक, बसमध्ये नाही. दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवताना तर कुठलंच उपकरण कानात नको.

ज्यांचा कान वाहतो त्यांच्यासाठी हा सगळा सल्ला बदलतो. लहानपणापासून पावसाळ्यात कान वाहणारी माणसं खेड्यात कमी नाहीत. त्यांनी कानात शिरणारी टोपी घालूच नये. दमट, बंद कानात जंतू आणि बुरशी वाढते. त्यांनी कानावर बसणारा, गादीचा हेडफोन घ्यावा आणि आधी डॉक्टरांना दाखवावं. बीदरच्या आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घशाचे विभाग आहेत. आणि एकाच्या कानातला इयरफोन दुसऱ्याने घालण्याची, वर्गात सर्रास चालणारी पद्धत थांबवावी.

दुसरी कसोटी हिशेबाची. काही फोन आता कानात गेलेल्या आवाजाची आठवड्याची बेरीज ठेवतात आणि मुभा संपत आली की इशारा देतात. आयफोनमध्ये ही सोय काही वर्षांपासून आहे, अँड्रॉइडमध्ये चौदाव्या आवृत्तीपासून आली. पण ती आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे की नाही, हे फोन करणाऱ्या कंपनीवर अवलंबून. शिवाय फोन एका कंपनीचा आणि इयरफोन दुसऱ्याच कुणाचा असेल, तर फोनला कानातला खरा आवाज कळत नाही, तो अंदाजाने मोजतो. तरी अंदाज काहीच नसण्यापेक्षा बरा. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची वरची हद्द बांधून टाका. आवाज वाढवताना पडद्यावर येणारी सूचना वाचण्याआधीच 'ओके' दाबायची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. हद्द बांधली की ती सूचना पुन्हा पुन्हा येणारच नाही.

मुलांच्या उपकरणांबाबत जास्त सावध राहावं लागतं. 'मुलांसाठी, 85 डेसिबलची मर्यादा' असं लिहिलेले रंगीत हेडफोन मिळतात. 85 हा आकडा कारखान्यांच्या जगातून आलेला आहे, मोठ्या माणसांच्या आठ तासांच्या पाळीसाठी. मुलांसाठीची मुभा 75 ची. त्यात ही मर्यादाही दर वेळी खरी नसते. अमेरिकेत 2016 मध्ये झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत मुलांच्या 30 हेडफोनपैकी जवळपास निम्मे आपली छापलेली मर्यादा पाळत नव्हते. मुलाच्या कानातला आवाज हातभर अंतरावरून तुम्हाला ऐकू येत असेल, तर तो जास्त आहे. यापेक्षा साधी परीक्षा नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गावात जत्रेला डीजे, शिवजयंतीला डीजे, बसवजयंतीला डीजे, आंबेडकर जयंतीला डीजे, लग्नाला तर रोजच डीजे. आणि तुम्ही इयरफोनवर बोलता? आक्षेप खरा आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ उभ्या माणसाशी हातभर अंतरावरून ओरडून बोलावं लागतं. याचाच अर्थ तिथला आवाज 85 च्या वर आहे. पण कानाला डीजेचं रेशन वेगळं आणि नेकबँडचं वेगळं नसतं. सगळं एकाच खात्यातून जातं. दिवसभर थ्रेशरवर राबलेल्या पोराने संध्याकाळी पुन्हा मोठ्या आवाजात गाणी ऐकली, तर त्याची मुभा दुपारीच संपलेली असते. सगळ्यात वाईट म्हणजे थ्रेशर चालू असताना त्याच्या वर आवाज काढून कानात गाणं वाजवणं. तिथे ऐकण्याचं उपकरण नकोच. फोमचा बोळा चिमटीत वळून कानात खोल सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. मेडिकलमध्ये तो काही रुपयांत मिळतो, आणि आपल्या शेतात तो जवळजवळ कुणीच वापरत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगलं उपकरण सगळ्यांना परवडत नाही. पण इथे कानासाठी जे लागतं त्यातलं बरंचसं फुकट आहे. योग्य मापाची टोपी खोक्यातच असते, सेटिंगला पैसे पडत नाहीत. आणि पैशाचाच विचार करायचा तर उलटा हिशेबही करू. मुलाला पंधरा हजारांचा फोन घेताना घर मागेपुढे पाहत नाही आणि इयरफोन मात्र दीडशेचा, फूटपाथवरचा. फोन दोन-तीन वर्षांनी बदलतो. कान बदलत नाही.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचा, की हे कानात घालणंच बंद करा. तो मला मान्य नाही. दोन खोल्यांच्या घरात आठ माणसं असताना अभ्यासाचं व्याख्यान ऐकायला, आजीला तिचं कीर्तन ऐकायला, कामावरून आलेल्या माणसाला झोपू द्यायला इयरफोनइतकी सोयीची वस्तू नाही. ती काढून घेतली तर तोच मोबाईल स्पीकरवर वाजेल आणि एकाऐवजी आठ जणांच्या कानात जाईल.

शेवटी प्रश्न कायद्याचा येतो. गोंगाटाविरुद्धच्या आपल्या लढाईचा इतिहास इथे उपयोगी पडतो. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारखी माणसं 1980 च्या दशकात लाऊडस्पीकरविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तेव्हा 'मोठा आवाज' ही बहुतेकांच्या लेखी नुसती कुरकुर होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल असे आकडे कागदावर उतरले. रात्री दहा ते सकाळी सहा ही लाऊडस्पीकर बंद ठेवायची वेळ ठरली. डीजे थांबले का? नाही. पण आकडा आला म्हणून तक्रारीला पाय फुटले. पोलिसाला मोजता येतं, न्यायालयाला विचारता येतं, नागरिकाला सिद्ध करता येतं.

ही सोय अजून कानाच्या आतल्या आवाजाला मिळालेली नाही. युरोपात 2013 पासून व्यक्तिगत संगीत उपकरणं 85 डेसिबलवर थांबतात. त्यापुढे जायचं तर इशारा मान्य करावा लागतो, आणि 100 च्या वर जाताच येत नाही. आपल्याकडे वायरलेस इयरफोनला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, पण खोक्यावरचा तो क्रमांक वाचून गिऱ्हाइकाला आवाजाबद्दल काहीच कळत नाही. माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक इयरफोनच्या खोक्यावर, बॅटरीच्या तासांच्या शेजारी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, जास्तीत जास्त किती डेसिबल आणि त्या आवाजात आठवड्याला किती वेळ, एवढं छापणं सक्तीचं व्हावं. इंग्रजीबरोबर राज्यभाषेतही. पाकिटावर मिठाचं आणि साखरेचं प्रमाण छापता येतं, तर हेही छापता येईल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर काउंटरवरच्या पोराला बेसबद्दल नव्हे, डेसिबलबद्दल विचारा. त्याला बहुधा सांगता येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं की तो डिस्ट्रिब्यूटरला विचारेल, आणि डिस्ट्रिब्यूटर कंपनीला. घरी आल्यावर टोपी बदलून पाहा, फोनमध्ये हद्द बांधा, आणि कानात शिट्टी वाजत असेल तर तपासणी करून घ्यायला उशीर करू नका.